कव्हर्ड कॉल विकायचाय? आधी एवढं बघ

कव्हर्ड कॉल, म्हणजे हातातले शेअर ठराविक भावाला विकत घेण्याचा हक्क (कॉल) दुसऱ्याला पैसे घेऊन विकणं, सुरू करायचाय म्हणतोस? अरे मस्त, कर सुरुवात, पण पहिल्यांदा लॉट साईज बघ, म्हणजे एका कॉलमध्ये किती शेअर येतात ते. तुझ्याकडे २०० शेअर आहेत आणि लॉट ५०० चा असेल तर तो कव्हर्ड कॉल नाहीच, ३०० शेअरचा उघडा धोका आहे तो, आणि नवीन माणूस नेमका इथेच फसतो.

दुसरं म्हणजे, कॉल विकून मिळणारे पैसे (प्रीमियम) हे शेअरवरचं "फुकटचं भाडं" नाही. समज शेअर १००० ला आहे, तू १०५० चा कॉल १२ रुपयांना विकलास, ५०० च्या लॉटवर ६००० आले. शेअर ११२० ला गेला तर तुझ्या हाती १०५० अधिक १२, म्हणजे १०६२ च, वरची मलई दुसऱ्याची. आणि ९०० ला पडला तर ५०,००० चा खड्डा, त्यात हे ६००० म्हणजे दर्या में खसखस. म्हणून जो शेअर त्या भावाला विकायला मनापासून तयार आहेस त्याच्यावरच कॉल विक, आजोबांनी ठेवलेल्या शेअरवर नको.

मी पहिल्याच वर्षी कंपनीच्या रिझल्टच्या आदल्या दिवशी प्रीमियम जाड दिसला म्हणून कॉल विकला, सकाळी शेअर ९ टक्के वर उघडला, चहा तसाच गार झाला. प्रीमियम जाड असतो तो उगाच नसतो बाबा.

आपल्याकडे स्टॉक ऑप्शनमध्ये एक्सपायरीला (कॉलची मुदत संपते त्या दिवशी) शेअर कॉलच्या भावाच्या वर असेल तर शेअरची खरीखुरी डिलिव्हरी द्यावी लागते, त्यामुळे शेअर प्लेज केले (ब्रोकरकडे तारण ठेवले) असतील तर एक्सपायरीच्या आधीच सोडव नाहीतर कॉल परत विकत घेऊन पोझिशन कापून मोकळा हो. रोलिंग (कॉल पुढच्या मुदतीवर ढकलणं), ग्रीक्स (ऑप्शनचा भाव कशाने किती हलतो त्याची मापं) वगैरे सध्या राहू दे, तीन-चार महिने एकच लॉट कर आणि वहीत लिहून ठेव.