सामाईक शेतातली चिंच चुलत्यांना एकट्याला विकता येते का?

प्रश्न : वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर चुलत्यांबरोबर आईचं आणि माझं नाव लागलं आहे. जमिनीचं वाटप झालेलं नाही. चुलत्यांनी बांधावरच्या दोन जुन्या चिंचा आणि चार साग लाकडाच्या व्यापाऱ्याला परस्पर विकून इसार घेतला आहे. ‘ग्रामपंचायतीचा दाखला आहे, मुलींनी यात पडू नये,’ असं ते म्हणतात. तोड थांबवता येईल का?

उत्तर : ताई, येईल, पण झाडं उभी आहेत तोवरच. तोड झाल्यावर दंड होईल, लाकूडही सरकारजमा होऊ शकेल, चिंच मात्र गेलेली असेल. त्यामुळे उद्याच तालुक्याला जा.

गावातल्या खासगी जमिनीलाही महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 लागू आहे. त्याच्या अनुसूचीत साग आणि चिंच दोन्ही आहेत. आंबा, फणस, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदनही आहेत. ही झाडं स्वतःच्या बांधावर असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. ग्रामपंचायतीचा दाखला म्हणजे ती परवानगी नव्हे. हा गैरसमज गावोगाव आहे आणि त्यापायी फार झाडं गेली आहेत.

वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी हरकत द्या आणि एक प्रत तहसीलदारांकडे द्या. त्यात गट नंबर, प्रत्येक झाडाची जात, खोडाचा घेर आणि ते कोणत्या बांधावर आहे ते लिहा. सातबारा आणि वारस नोंदीचा फेरफार जोडा, ‘सहधारकांची संमती नाही’ हे वाक्य स्पष्ट घाला आणि शिक्क्यासह पोच घ्या. त्याआधी झाडांचे फोटो काढा, खोडाचे जवळून. कारण वाळलेल्या, रोगट किंवा धोकादायक झाडाला परवानगी सहज मिळते, म्हणून कधी कधी बुंध्याची साल गोल सोलून झाड मुद्दाम वाळवलं जातं. तसं दिसलं तर तेही अर्जात लिहा. झाडाला इजा करणंही या कायद्यात तोडच धरली जाते.

‘मुलींनी पडू नये’ या बोलण्याला कायद्यात जागा नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क हिंदू वारसा कायद्याच्या 2005च्या दुरुस्तीने दिला आणि 2020 साली विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला. आईचाही हिस्सा आहेच. वाटप झालेलं नसताना अमुक झाड आपलंच, असं चुलत्यांना म्हणता येणार नाही. अर्थात त्यांचाही हिस्सा आहे, हे तुम्हीही धरून चाला.

व्यापाऱ्याला वकिलामार्फत नोटीस पाठवा. माझ्या मते हा सर्वांत लवकर लागू पडणारा उपाय आहे, कारण वादातलं लाकूड कोणी अंगावर घेत नाही. शिवाय साग हलवायला वनखात्याचा वाहतूक पास लागतो. तरीही तोडीची तयारी दिसली, तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावून त्यातच तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे निकालाआधीच तोड तात्पुरती थांबवण्याचा, अर्ज करा. प्रत्यक्ष कुऱ्हाड चालू झाली तर वनरक्षक आणि तलाठी दोघांनाही फोन करून पंचनामा मागा. इसाराची रक्कम चुलत्यांनी घेतली आहे, ती परत करण्याची जबाबदारी त्यांचीच; तुम्ही किंवा आईने त्या व्यवहाराच्या कोणत्याही कागदावर सही करू नका.