बडोद्याहून कॅनडाला निघताना: करिअर कोच घ्यावा का, आणि कोणता

तू विचारलं आहेस: पीआर (कॅनडात कायम राहण्याची परवानगी) आला आहे, मार्चमध्ये नवऱ्यासोबत टोरांटोला निघायचं आहे, केमिकल इंजिनिअरिंगनंतर नऊ वर्षं औषध कंपनीत क्यूएचं (गुणवत्ता राखण्याचं) काम केलं आहे. बडोद्यातल्या अलकापुरीतल्या एका ऑफिसने सहा महिन्यांचं 'करिअर कोचिंग पॅकेज' सुचवलं आहे, एक लाख ऐंशी हजार रुपये, आणि इंटरव्ह्यूची गॅरंटी. घ्यावं का? आणि हे नाही घेतलं, तर चांगला कोच ओळखायचा कसा?

हे पॅकेज घेऊ नकोस. रक्कम मोठी आहेच, पण मला खटकते ती गॅरंटी. खरा कोच अशी हमी देत नाही, कारण नोकरी देणं न देणं त्याच्या हातात नसतं आणि तो तसं स्पष्ट सांगतो. तुला जे विकलं जातं आहे ते रेझ्युमे लिहून देणं आणि तो ढिगाने पाठवणं असावं, वर कोचिंगचं लेबल. आत नेमकं काय आहे हे लेखी माग.

अलकापुरीत एकाच काचेच्या दारामागे चार निरनिराळी कामं मिळतात, म्हणून आपली गल्लत होते. पहिलं काम व्हिसाचं. तुझं झालं आहे, पण पुढे आईबाबांसाठी लागेल. कॅनडाच्या इमिग्रेशनबद्दल पैसे घेऊन सल्ला द्यायचा अधिकार फक्त कॅनडातल्या वकिलांना आणि परवानाधारक पॅरालीगलना, क्वेबेकच्या नोटरींना आणि 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स'च्या परवानाधारकांना आहे. त्या संस्थेची यादी सगळ्यांना पाहता येते. नाव तिथे नसेल, तर ऑफिस कितीही चकचकीत असो, फाईल देऊ नये.

दुसरं काम माहितीचं: इथल्या, म्हणजे कॅनडातल्या, पद्धतीचा रेझ्युमे, इंटरव्ह्यूची तयारी. रेझ्युमेवर फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, लग्न झालं की नाही, यातलं काही लिहायचं नाही. इंटरव्ह्यूत 'अशी वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलंत' असे प्रश्न येतात, त्यांना तुझ्या कामातले खरे प्रसंग तयार हवेत. हे सगळं सरकारी पैशावर चालणाऱ्या सेटलमेंट संस्था, म्हणजे नव्याने आलेल्यांना बस्तान बसवायला मदत करणाऱ्या संस्था, पीआर असलेल्यांना फुकट शिकवतात. त्यासाठी बडोद्यातून लाखभर रुपये मोजायचं कारण नाही.

तिसरं काम मेंटरचं, आणि माझ्या मते पहिल्या सहा महिन्यांत तुला खरी गरज याचीच आहे. मेंटर म्हणजे तुझ्याच क्षेत्रातला, तुझ्या पुढे चार पावलं गेलेला माणूस. दांडिया बाजारच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात वस्ताद कसा स्वतः करून दाखवतो आणि मग तुझी पकड दुरुस्त करतो, तसा. तो सांगेल की टोरांटोच्या आसपास औषध कंपन्या कुठे आहेत, भारतातल्या ऑडिटचा अनुभव इथे कसा मांडायचा, कोणत्या पदापासून सुरुवात करणं कमीपणाचं नाही. टोरांटोत 'ट्रायेक' नावाची संस्था नव्याने आलेल्या व्यावसायिकांना त्यांच्याच क्षेत्रातल्या मेंटरशी जोडून देते आणि त्याचे पैसे घेत नाही. उतरल्यावर पहिल्या आठवड्यातच चौकशी कर.

चौथं काम कोचचं. त्याचं मूळ खेळाच्या मैदानात आहे. टेनिस शिकवणारे टिमथी गॅल्वे यांच्या १९७० च्या दशकात लक्षात आलं की खेळाडूला सूचनांचा मारा करण्यापेक्षा त्याचं लक्ष नेमक्या गोष्टीकडे वळवलं, की तो स्वतःच सुधारतो. पुढे जॉन व्हिटमोर यांनी, जे आधी मोटार शर्यतींमध्ये होते, ती पद्धत ऑफिसच्या कामात आणली. ध्येय काय, आज परिस्थिती काय, मार्ग कोणकोणते, आणि आता तू नक्की काय करणार: या चार पायऱ्या आजही अनेक कोच वापरतात. म्हणजे कोच सल्ला देत नाही, प्रश्न विचारून तुझं उत्तर तुलाच शोधायला लावतो. असं म्हटलं की आपल्याकडे लोक विचारतात, मग पैसे कशाचे? मलाही माझ्या सासऱ्यांना हे समजावायला वेळ लागला होता.

माझ्याच कामातलं सांगते. मी टीम लीड झाले तेव्हा कंपनीनेच कोच दिली होती. मी तिला सांगत होते की मॅनेजर माझं ऐकत नाहीत. तिने विचारलं, गेल्या मीटिंगमध्ये तुम्ही किती वेळा बोललात, आणि त्यातलं कुणी न विचारता किती? मी आठवून पाहिलं. कुणी विचारल्याशिवाय मी बोललेच नव्हते. आपल्याकडे मोठ्यांसमोर विचारल्याशिवाय बोलू नये हे हाडीमाशी मुरलेलं असतं, आणि इथे त्याचा अर्थ 'हिला काही म्हणायचं नाही' असा घेतला जातो. तिने 'बोलत जा' असं सांगितलं नाही. पुढच्या मीटिंगमध्ये कोणत्या मुद्द्यावर, कोणत्या वाक्याने सुरुवात करणार, एवढंच माझ्याकडून ठरवून घेतलं आणि पुढच्या वेळी काय झालं ते विचारलं. काही महिन्यांत माझी बसण्याची जागासुद्धा बदलली, मी टेबलाच्या कोपऱ्यातून मधे आले.

म्हणून माझं मत असं की कोच निघण्यापूर्वी घेऊ नये. नोकरी लागल्यावर, अडचण माहितीची नसून वागण्याची किंवा निर्णयाची आहे हे दिसलं की घ्यावा. तुझ्या बाबतीत ती वेळ लवकरही येऊ शकते: क्यूएतच राहायचं, की पी.इंज. (व्यावसायिक इंजिनिअरच्या) लायसन्सच्या वाटेने इंजिनिअरिंगकडे परतायचं? टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टॅरिओच्या इंजिनिअरांच्या नियामक संस्थेने लायसन्ससाठी कॅनडातल्या अनुभवाची अट २०२३ मध्ये काढली, त्यामुळे हा पर्याय आता खरोखर उघडा आहे. दोन्ही बाजूंची माहिती मेंटरकडून घे. तरीही मन ठरत नसेल, तर कोच उपयोगी पडतो.

आता निवडायचा कसा. स्वतःला कोच म्हणवून घ्यायला कायद्याने काहीच लागत नाही. ऑन्टॅरिओत 'सायकोथेरपिस्ट' हे बिरुद नोंदणीशिवाय लावता येत नाही, 'कोच' कुणीही लावू शकतो. म्हणून प्रमाणपत्र बघायचं. सर्वात जास्त मानतात ते १९९५ मध्ये सुरू झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं, म्हणजे आयसीएफचं. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. एसीसीला किमान ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचा अनुभव, पीसीसीला १२५ आणि ५००, एमसीसीला २०० आणि २५००. दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. एक बारकावा नीट बघ: 'आयसीएफ मेंबर' (नुसतं सभासदत्व) आणि 'आयसीएफ क्रेडेन्शियल' (वरचं प्रमाणपत्र) या वेगळ्या गोष्टी आहेत. अलकापुरीतल्या त्या ऑफिसवाल्यांना विचार, तुमचं क्रेडेन्शियल कोणतं, आणि संस्थेच्या यादीत नाव शोध.

पैसे कमी असतील तर एक रस्ता आहे जो फारसं कुणी सांगत नाही. एसीसीच्या त्या १०० तासांपैकी ७५ तास पैसे घेऊन केलेले लागतात. त्यामुळे शिक्षण पूर्ण करून तास भरणारे कोच बरेचदा अगदी कमी फीमध्ये काम करतात, आणि त्यांच्या डोक्यावर मेंटर कोच, म्हणजे त्यांना शिकवणारा अनुभवी कोच, असतो. नोकरी लागली की कंपनी कोचचा खर्च करते का, हेही एचआरला विचार.

पण प्रमाणपत्र ही फक्त चाळणी आहे. निर्णय पहिल्या ओळखीच्या संभाषणावर घे. चांगले कोच ते सहसा फुकट देतात, आणि तू दोघा-तिघांशी बोललीस तरी त्यांना राग येत नाही. त्या अर्ध्या तासात कोण जास्त बोललं ते बघ. तो स्वतःच्याच यशाच्या गोष्टी सांगत राहिला, किंवा दहाव्या मिनिटाला तुझ्या आयुष्याचा निकाल लावून मोकळा झाला, तर नमस्कार करून ये. बोलून झाल्यावर तुझा स्वतःचा प्रश्न तुला आधीपेक्षा स्पष्ट दिसायला लागला असेल, तर तो कोच तुझ्यासाठी.

करार लेखी हवा. किती सेशन, किती फी, मधेच थांबवलं तर पैशाचं काय, आणि तू सांगितलेलं बाहेर जाणार नाही, हे त्यात असलं पाहिजे. कंपनी पैसे भरत असेल तर मॅनेजरला काय कळवणार हे सुरुवातीलाच विचार.

कोच मराठी किंवा गुजराती हवा का, असंही तू विचारलं आहेस. घरच्या अपेक्षा, सासू-सासऱ्यांना पैसे पाठवणं, लेकाला बडोद्यात ठेवून यायचं की सोबत आणायचं, हे विषय असतील तर आपल्या भाषेत मन लवकर मोकळं होतं. कामाच्या ठिकाणच्या बोलण्याचा प्रश्न असेल तर इथलाच माणूस बरा, कारण तो तुझी वाक्यं इथल्या कानांनी ऐकतो.

आणखी एक, आणि हे मी फार मनापासून सांगते आहे. पहिल्या हिवाळ्यात पावणेपाचच्या सुमारासच दिवस मावळतो, नोकरीचे नकार येतात, घरची आठवण येते. झोप उडाली, जेवावंसं वाटेना, सकाळी उठावंसंच वाटेना, तर ते कोचचं काम नाही. थेट फॅमिली डॉक्टरकडे किंवा नोंदणीकृत थेरपिस्टकडे जायचं. चांगला कोच हे ओळखतो आणि स्वतःहून सांगतो. जो म्हणेल 'पॉझिटिव्ह विचार करा, आपण यावरही काम करू', त्याला सोडून दे.

अलकापुरीत टोकन दिलं असशील तर पावती आणि कराराची प्रत आधी ताब्यात घे, मग परत मागणं सोपं जाईल. आणि निघण्यापूर्वी कंपनीकडून अनुभवाची पत्रं कामाच्या तपशिलासह घे: कोणती ऑडिट, कोणती जबाबदारी, कुणाच्या हाताखाली. इथून ती मागवणं फार जड जातं, आणि मेंटर पहिल्यांदा तेच विचारेल.