दम धरू नकोस, सोड

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पाठीला डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकलेली, भावांच्या आधी तळाचा गाळ मुठीत घेऊन वर येणारी तू. आणि आता जळगावातल्या मोठ्यांच्या बॅचमध्ये २५ मीटरमध्ये तुझी छाती भरून येते, शेजारून पन्नाशीच्या काकू सावकाश हात मारत पुढे निघून जातात. म्हणून तू ठरवलंस की बॅच सोडायची, सुट्टीच्या दिवशी विहिरीवर एकटीनं दम वाढवायचा आणि हिवाळ्यात मालवणला जाऊन डायव्हिंगचा कोर्स करायचा.

बॅच सोडू नकोस. आणि दम वाढवायचं खूळ आधी डोक्यातून काढ.

आपल्याकडे जो पाण्याखाली जास्त वेळ राहतो तो पट्टीचा पोहणारा. विहिरीच्या काठावर हेच माप लागतं आणि तू त्याच मापानं वाढलीस. पण पाठीवर सिलेंडर घेऊन समुद्रात उतरणाऱ्याला पहिला नियम शिकवतात तो हा, की श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे सिलेंडरमधून छातीभर घेतलेली हवा तशीच कोंडून वर आलीस, तर वर येईतो ती दुप्पट जागा मागते. फुप्फुस तेवढं ताणत नाही, फाटतं. त्यासाठी १० मीटरही लागत नाहीत, साध्या पोहण्याच्या तलावाच्या खोलीतही हे होऊ शकतं. घाबरलेला माणूस आधी श्वास कोंडतो आणि मग वर धावतो. विहिरीनं तुला लावलेली सवय नेमकी हीच आहे. ती मोडायला बॅच हवी.

आता तुझी धाप. तिचं कारण दम कमी असणं हे नाही. तू तोंड पाण्यात घालतेस आणि श्वास धरून ठेवतेस. मान वळवल्यावर जेमतेम अर्धा सेकंद मिळतो, त्यात जुनी हवा सोडायची आणि नवी घ्यायची अशी दोन्ही कामं तू करायला जातेस. सोडणं अर्धवट, म्हणून घेणंही अर्धवट. चार-सहा हातांत कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि जीव घाबरा होतो तो त्यानंच. ऑक्सिजन तेव्हा पुरेसा असतो. शिवाय भरलेली छाती फुग्यासारखी तरंगते, पाय खाली जातात, आणि तेवढंच अंतर कापायला तुला दुप्पट जोर लावावा लागतो. त्या काकूंकडे नीट बघ. तोंड पाण्यात गेल्या क्षणापासून त्यांच्या नाकातोंडातून बुडबुड्यांची बारीक माळ सुटत असते, मान वळायच्या जरा आधी शेवटचा जोराचा फुस्स, आणि वर आल्यावर फक्त घेणं. त्यांचा एक गॉगल पाण्यातच राहतो, दुसराच बाहेर येतो. तुझं डोकं सगळंच्या सगळं वर येत असणार, आणि डोकं वर आलं की पाय बुडलेच.

तेव्हा हे कर. छातीएवढ्या पाण्यात काठ धरून उभी राहा. एक अंक मोजेपर्यंत तोंडानं श्वास घे, खाली जा, पाच अंक मोजत नाकातोंडातून सोड, वर ये, लगेच पुन्हा. असं २० वेळा, न थांबता. विसाव्या वेळीही पहिल्याइतकंच निवांत वाटलं पाहिजे. नाही वाटलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग किकबोर्ड, म्हणजे हातात धरायची तरंगती फळी, धरून पाय मारत हेच, मग हातांसह. नाकाला क्लिप लावू नकोस, बॅचमधल्या कोणी दिली तरी परत कर. समुद्रात मास्कमध्ये पाणी शिरलं की ते नाकातून हवा सोडूनच बाहेर काढतात. खाली जाताना मास्क चेहऱ्यावर आवळतो, तोही नाकातून थोडी हवा सोडली की सैल होतो. पोहण्याच्या गॉगलला नाकाची जागाच नाही, म्हणून तो घालून खोल जाता येत नाही, डोळे दाबले जातात. म्हणजे नाकातून सोडता येणं ही तुझी पुढची अर्धी शिदोरी.

लोक म्हणतात, मी नवीन माणसाला पंधरा-पंधरा दिवस बुडबुडेच काढायला लावतो. लावतो. त्यांना पहिल्याच दिवशी हात मारायचे असतात, फी हातपाय हलवायची भरलेली असते. मला श्वास आधी, हात नंतर हे फार उशिरा पटलं, आणि त्याआधी ज्यांना उलट्या क्रमानं शिकवलं त्यांचं देणं माझ्याकडे बाकी आहे. म्हणून या एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही, तुझंही ऐकणार नाही.

बुडबुडे जमले की पुढचं सोपं आहे. आठवड्यातून तीन दिवस. पहिले तीन आठवडे २५ मीटर आठ वेळा, प्रत्येकानंतर ३० सेकंद विसावा. काठाला आल्यावर एक अख्खं वाक्य न तुटता बोलता आलं तर वेग बरोबर. नाही आलं तर तू पळते आहेस. मग ५० मीटर सहा वेळा, मग १०० मीटर चार वेळा, विसावा तेवढाच ठेव. कोर्सला साधारण २०० मीटर न थांबता पोहून दाखवावं लागतं, कुठल्याही प्रकारानं आणि वेळेची अट नाही. शिवाय १० मिनिटं तरंगून किंवा जागच्या जागी पाय मारून राहायचं. कागदावर एवढंच. पण २०० मीटरमध्ये जीव मेटाकुटीला येणाऱ्यानं समुद्रात उतरू नये असं माझं मत आहे. तू ६०० मीटर आरामात कर, मगच मालवणचं तिकीट काढ.

पायांकडे लक्ष दे. डायव्हिंगमध्ये हात स्वस्थ असतात, सगळं काम पायांचं. किक कमरेतून, घोटा सैल. गुडघ्यातून सायकल मारलीस तर बोर्ड धरून जागीच राहशील. सहाव्या आठवड्यानंतर प्रशिक्षकांना विचारून फिन, म्हणजे पावलांना घालायची वल्ह्यासारखी पाती, लाव, पण सुरुवातीला दोन-चार फेऱ्याच, नाहीतर पोटरीत गोळा येतो. आलाच तर पाय सरळ कर आणि फिनचं टोक हातानं आपल्याकडे ओढ. समुद्रातही हाच उपाय करतात.

लेनमध्ये सगळ्यात सावकाश लोकांत उभी राहा. यात कसला कमीपणा? एका बाजूनं जायचं, दुसऱ्या बाजूनं यायचं, पुढच्याच्या मागे पाच सेकंद सोडून निघायचं, काठाला कोपऱ्यात थांबायचं म्हणजे इतरांना वळायला मधली जागा मिळते. मागचा वेगवान असला तर काठाला थांबून त्याला पुढे जाऊ दे. स्वतःचा श्वास सांभाळत दुसऱ्याकडे लक्ष ठेवायचं हा सराव समुद्रात जोडीदाराबरोबर उपयोगी पडतो, आणि तो एकटीनं होत नाही.

आणि विहीर. इथे मी रागावूनच लिहितो आहे. बुडी मारण्याआधी पाच-दहा खोल श्वास भराभर घेतले की जास्त वेळ राहता येतं, हे तुला भावांनी शिकवलं असेल. त्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र खाली येतो. 'वर चल' असं ओरडणारा तोच, त्याचा आवाजच बंद होतो. मग माणूस कसलीही चाहूल न लागता पाण्याखाली शुद्ध हरपतो. चांगले पोहणारे असे जातात. विहिरीच्या गढूळ पाण्यात तू दिसणारही नाहीस. एकटीनं नाही, आणि भाऊ काठावर बसलेत म्हणूनही नाही.

दम मोजायचाच असेल तर हा हिशेब कर. १२ लिटरचं सिलेंडर, २०० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) भरलेलं. ५० बार राखून वर यायचं, म्हणजे वापरायला १५० बार, १८०० लिटर हवा. १८ मीटरवर दाब २.८ पट, म्हणून श्वासागणिक हवाही तेवढ्याच पट लागते. पृष्ठभागावर मिनिटाला १५ लिटर घेणाऱ्याला तिथे ४२ लिटर लागतात, त्याची हवा साधारण ४३ मिनिटं पुरते. धापा टाकत २५ लिटर ओढणाऱ्याला ७० लागतात, त्याचं साधारण २६ मिनिटांत आटोपतं. सिलेंडर तेच, समुद्र तोच. लांब आणि सावकाश सोडणारा जास्त वेळ खाली राहतो, तेही श्वास न रोखता.

बाकीचं थोडक्यात. पहाटेच्या बॅचला जाताना अर्धा तास आधी एक केळं खा, पोट भरून जाऊ नकोस. एप्रिल-मेमध्ये तलावात सुट्टीतल्या पोरांची जत्रा असते, त्यामुळे पावसाळ्यापासून नियमित जा. तेव्हा मालवणचं डायव्हिंगही बंदच असतं. सर्दी असेल त्या दिवशी बुडी नाही. खाली जाताना कान दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, जोर लावायचा नाही. दमा किंवा कानाचं जुनं दुखणं असेल तर फॉर्मवर लपवू नकोस, आधी डॉक्टरांना विचार.

आणि परतीची एक गोष्ट, कारण आपण खान्देशातले लोक सुट्टी वाचवायला रात्रीची गाडी पकडतो. खाली असताना शरीरात नायट्रोजन मुरतो आणि तो सुटायलाही वेळ लागतो. मालवणहून इकडे यायचं तर सह्याद्री चढावा लागतो, आंबोली जवळजवळ ७०० मीटरवर आहे. उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून डाइव्हनंतर लगेच विमानात बसत नाहीत, आणि एवढी उंचीही विमानासारखीच धरावी. शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास किनाऱ्यावरच थांब. रजा एक दिवस जास्तीची टाक.

आठवडाभरानं मला एवढंच कळव, की २० बुडबुड्यांपैकी कितव्याला घाई झाली.