गय कर, पोरी

पोरी,

रविवारी उपासना सुटल्यावर पायरीवर तू विचारलंस, "मावशी, तिनं माफीच मागितली नाही, तर मी क्षमा करू कशाची?" नाताळच्या फराळाला तुझी नणंद चार माणसांत म्हणाली, करंजीचं सारण कोरडं झालंय. तेव्हापासून तू तिचा फोन उचलत नाहीस. सांगलीहून मिरजेला येताना बसमध्ये माझ्या डोक्यात तेच.

बायबलमधला मत्तयाचा अठरावा अध्याय तुला पाठ आहे: राजानं ज्याचं अफाट देणं सोडलं, तोच चाकर आपल्या सोबत्याला शंभर दिनारांसाठी तुरुंगात टाकतो. पण त्यातलं देणं कधी मोजलंस का? शंभर दिनार, म्हणजे मजुराची शंभर दिवसांची मजुरी. किरकोळ नव्हे. तुला लागलं ते खरंच लागलं. पण दुसऱ्या बाजूला दहा हजार तालांत माफ झालेत, आणि एका तालांताचे दिनार होतात सहा हजार. हे माहीत असून करंजीची वसुली करत बसायचं?

माफी मागण्याची वाट बघू नकोस. गय कर. नीतिसूत्रे 19:11 मध्ये हाच शब्द आहे, अपराधाची गय करणं माणसाला भूषण. गय करायला समोरचा माणूस लागत नाही. मारहाण, फसवणूक असती तर मीच तुला पाळकांकडे घेऊन गेले असते. हे तसलं नाही. गय कर.

माझ्या भाचीच्या लग्नपत्रिकेत माझं नाव नव्हतं. सख्खी आत्या मी! दादानं एकदा म्हणायला हवं होतं, "चुकलं." आजही मला तसंच वाटतं, खोटं कशाला सांगू? मी वाट बघितली, त्यानंही बघितली. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी त्याच्या घरात शिरलं. माझं घर दहा किलोमीटरवर, वरची खोली रिकामी. तो वहिनीला घेऊन शाळेतल्या छावणीत राहिला. मला दुसऱ्याकडून कळलं. पुढच्या वर्षी तो गेला. माझंच बरोबर होतं, पोरी, आणि ती खोली अजून रिकामी आहे.

म्हणून म्हणते, गय कर. "आधी तिनं" हे शब्द माझ्यासमोर पुन्हा काढू नकोस, मला ऐकवत नाहीत.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौलानं राग सोडायला सूर्य मावळायची मुदत दिलीय. तुझे तर कितीतरी सूर्य मावळले. आज दिवेलागणीच्या आत नणंदेला फोन लाव. करंजीचा विषय काढू नकोस. धाकट्याचा खोकला थांबला का, एवढं विचार.

तुझी,
मावशी