पर्ड्यू विरुद्ध इंडियाना: मॅचआधी वाचकांचे प्रश्न

पर्ड्यू आणि इंडियाना या दोन्ही युनिव्हर्सिट्या अमेरिकेतल्या एकाच राज्यातल्या, इंडियानातल्या, आणि त्यांच्या पुरुषांच्या बास्केटबॉल टीम बहुतेक सीझनमध्ये दोनदा समोरासमोर येतात, एकदा यांच्या घरी आणि एकदा त्यांच्या घरी. मॅच जवळ आली की या सदरात पत्रं यायला लागतात, कारण आपली बरीच पोरं तिकडे शिकतायत. त्यातले काही प्रश्न घेतलेत.

प्रश्न: मुलगा पर्ड्यूला एमएस करतोय, पहिलंच वर्ष आहे. इथे असताना त्याने बास्केटबॉलला हात लावला नव्हता, आणि आता फोन केला की "आई, आययूची मॅच आहे" एवढंच. हे आययू काय आहे आणि त्यात एवढं काय आहे?
– एक आई, नाशिक

ताई, आययू म्हणजे इंडियाना युनिव्हर्सिटी, गाव ब्लूमिंग्टन. मुलगा आहे ते वेस्ट लाफायेट राज्याच्या वरच्या भागात, ब्लूमिंग्टन खालच्या भागात, मध्ये इंडियानापोलिस, आणि दोन्हींतलं अंतर धरा साधारण नाशिक ते मुंबई एवढं.

आता एवढं काय आहे ते सांगतो. या राज्यात बास्केटबॉल कॉलेजात नाही, शाळेत सुरू होतो. छोट्या छोट्या गावांतल्या शाळांना हजारो लोक बसतील अशी बास्केटबॉलची इनडोअर स्टेडियम आहेत, आणि हिवाळ्यात शुक्रवारी रात्री अख्खं गाव तिथे असतं. १९५४ साली मायलन नावाच्या एका चिमुकल्या गावाच्या शाळेने, जिथे सगळे मिळून १६१ विद्यार्थी होते, राज्याची फायनल मन्सी सेंट्रलसारख्या मोठ्या शाळेविरुद्ध ३२-३० अशी जिंकली, शेवटचा शॉट बॉबी प्लंप नावाच्या पोराचा, आणि ती गोष्ट तिथे आजही सांगितली जाते. पुढच्याच वर्षी, १९५५ ला, इंडियानापोलिसची क्रिस्पस अ‍ॅटक्स ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा चॅम्पियन झाली, त्यात पुढे एनबीएत गाजलेला ऑस्कर रॉबर्टसन होता. मला विचाराल तर मायलनपेक्षा ही जास्त मोठी गोष्ट आहे, कारण त्या शाळेला स्वतःचं धड जिमसुद्धा नव्हतं आणि शहर वर्णभेदाच्या भिंतींनी विभागलेलं होतं, तरी ती पोरं पुढच्या वर्षी परत जिंकली.

तर या शाळांतून जी चांगली पोरं निघतात त्यांच्यासाठी दोन्ही युनिव्हर्सिट्या भांडतात. म्हणजे कोर्टवर समोर असतो तो लहानपणापासून ज्याच्याशी खेळलात तोच. २०२२ च्या जानेवारीत काय झालं बघा. इंडियाना पर्ड्यूकडून सलग नऊ मॅच हरली होती, आणि ब्लूमिंग्टनला ६८-६५ अशी जिंकली, शेवटी तीन पॉइंटचा निर्णायक शॉट मारला रॉब फिनिसीने. फिनिसी कुठला? लाफायेटचा! पर्ड्यूच्या दारातला पोरगा, नदीपलीकडचा, आणि त्यानेच पर्ड्यूला हरवलं. असं काही तुमच्या मुलाने पहिल्या वर्षी बघितलं तर तो त्याविषयी बोलणारच, बोलू द्या त्याला.

आणि वाद कधी मिटत नाही तो यामुळे की दोघांकडे दाखवायला काहीतरी आहे. आपापसातल्या मॅचमध्ये पर्ड्यू बरीच पुढे, दोघी ज्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे गटात, खेळतात त्या बिग टेनची टायटल्सही पर्ड्यूकडेच जास्त. पण देशाचं चॅम्पियनपद इंडियानाकडे पाच वेळा (१९४०, १९५३, १९७६, १९८१, १९८७) आणि पर्ड्यूकडे एकदाही नाही, १९६९ आणि २०२४ अशा दोन फायनल खेळून दोन्ही हरले. १९७६ ची इंडियानाची टीम तर ३२ पैकी ३२ जिंकली होती, त्यानंतर आजपर्यंत पुरुषांमध्ये कुणीही न हरता चॅम्पियन झालेलं नाही.

प्रश्न: दादा, मी सोलापूरचा, सध्या वेस्ट लाफायेटला. रूममेट म्हणतात रँकिंग बघ, ज्याचं वर तो जिंकणार. तुम्ही मॅचआधी काय बघता?
– एक विद्यार्थी

रँकिंग मी बघतो पण त्यावर पैज लावणार नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत पर्ड्यू देशात एक नंबरला होती, टीममध्ये झॅक ईडी, ७ फूट ४ इंच उंचीचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा, त्या वर्षीचा देशातला सगळ्यात भारी प्लेअर, आणि तरी ब्लूमिंग्टनला ७९-७४ ने हरली. का हरली तर पहिल्या हाफमध्ये बॉल हातातून घालवत राहिली, तेव्हाचे दोन्ही गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणणारे, ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर, पहिल्या वर्षाचे होते आणि त्या आवाजात त्यांना सूर सापडेना. तीन आठवड्यांनी मॅकी अरीनात, म्हणजे पर्ड्यूच्या स्वतःच्या घरात, परत हरली, ७९-७१, इंडियानाच्या जेलन हूड-शिफिनोने एकट्याने ३५ पॉइंट केले. पुढच्या सीझनला तेच गार्ड वर्षाने मोठे झाले होते, ईडीने ब्लूमिंग्टनला ३३ मारले आणि पर्ड्यू ८७-६६ ने जिंकली. सेंटर तोच, गार्ड तेच, फरक पडला तो बॉल सांभाळण्यात.

म्हणून मी पहिली गोष्ट बघतो टर्नओव्हर, म्हणजे शॉट न मारताच बॉल किती वेळा घालवला. पर्ड्यूचे कोच मॅट पेंटर २००५ पासून तिथे आहेत, स्वतः पर्ड्यूचेच जुने प्लेअर, आणि त्यांची पद्धत सरळ आहे: आत एक मोठा माणूस, बाहेर शूटर, आणि पिक अँड रोल, म्हणजे साथीदाराच्या आडोशाने वाट काढणं, खेळवणारा शांत डोक्याचा गार्ड. समोरच्याने आतल्या माणसावर दोघे टाकले की बाहेर कुणीतरी मोकळा, आणि एकटाच ठेवला तर आत मार खायचा. ही मशीन चालते तोवर पर्ड्यूला हलवणं कठीण, पण तिला बॉल लागतो. इंडियानाने गार्डवर पूर्ण कोर्टभर प्रेशर टाकून चार-पाच वेळा बॉल फुकट काढून घेतला की मॅच बदलली.

दुसरी गोष्ट, ब्रेकनंतरची चार मिनिटं. कॉलेजमध्ये टीव्हीचे टाइमआउट प्रत्येक हाफमध्ये घड्याळात १६, १२, ८ आणि ४ मिनिटांच्या खाली आल्यावर पहिला खेळ थांबेल तिथे होतात, त्यामुळे कोच लोक मॅचचा विचारच चार-चार मिनिटांच्या तुकड्यात करतात. तूही तसाच बघ, प्रत्येक तुकड्यात कोण जिंकलं ते वहीत लिही, मजा येईल. २०२५ च्या फेब्रुवारीत ब्लूमिंग्टनला हाफटाइमला पर्ड्यू १२ ने पुढे होती आणि शेवटी इंडियाना ७३-५८ ने जिंकली, म्हणजे दुसऱ्या हाफमध्ये एकतर्फी झालं सगळं, आणि हाफनंतरच्या पहिल्या तुकड्यांतच कळत होतं की पर्ड्यू हलली आहे. त्याआधी जानेवारीत मॅकीमध्ये पर्ड्यू ८१-७६ ने जिंकली होती, त्या वर्षी दोघांनी आपापलं घर राखलं.

तिसरं, फाउल. कोणाच्या मोठ्या माणसाचे पहिल्या हाफमध्येच दोन फाउल झाले? तो बेंचवर गेला की रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचे बॉल, दुसऱ्याचे. हे रँकिंगमध्ये दिसत नाही आणि दहा मिनिटांत मॅच फिरवतं.

आणि तू मॅकीमध्ये जाणार असशील तर तिथल्या आवाजाबद्दल आधीच सांगून ठेवतो. गोल इमारत, वर घुमटासारखं छत, आवाज बाहेर जातच नाही. १९६७ मध्ये ती उघडली तेव्हा पहिली मॅच लॉस एंजेलिसच्या यूसीएलए युनिव्हर्सिटीशी होती, आणि यूसीएलएचे कोच जॉन वुडन हे पर्ड्यूचेच माजी स्टार, ते पाहुणे म्हणून आले आणि ७३-७१ ने जिंकून गेले. विद्यार्थ्यांच्या गटाचं नाव पेंट क्रू, काळा-सोनेरी घालून जा, लाल, म्हणजे इंडियानाचा रंग, अजिबात नको. काही घोषणा घरच्यांना ऐकवण्यासारख्या नसतात, त्या वेळी व्हिडिओ कॉल चालू ठेवू नकोस.

प्रश्न: मी नागपूरला शाळेच्या टीमला शिकवतो. पोरांना ही मॅच दाखवायची आहे, पण आपण फिबाचे नियम शिकवतो, गोंधळ होईल का?
– एक क्रीडाशिक्षक

सर, आधी पाच मिनिटं सांगून मग दाखवा, काही गोंधळ होत नाही. फिबात, म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांत, १० मिनिटांचे चार क्वार्टर, कॉलेजच्या पुरुषांत २० मिनिटांचे दोन हाफ, एकूण ४० मिनिटंच. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायची मुदत, आपल्याकडे २४ सेकंद, तिकडे ३०, आणि स्वतःचाच रिबाउंड घेतला तर आपल्याकडे १४, तिकडे २०. बॉल अर्ध्या कोर्टापुढे न्यायला आपल्याला ८ सेकंद, त्यांना १०. तीन पॉइंटची रेघ मात्र आता सारखीच आहे, २०१९-२० पासून त्यांनी फिबाचंच अंतर घेतलं, ६.७५ मीटर.

दोन गोष्टी पोरांना खास दाखवा. एक, रिंगला लागलेला बॉल आपल्याकडे वरून झटकता येतो, तिकडे तो रिंगवर आहे तोवर हात लावला की नियमभंग (बास्केट इंटरफिअरन्स), त्यामुळे उंच पोरं तिथे हात आवरतात. दुसरी आणि जास्त महत्त्वाची, एका हाफमध्ये टीमचे सात फाउल झाले की समोरच्याला "वन अँड वन" मिळतो, म्हणजे पहिला फ्री थ्रो घातला तरच दुसरा, चुकला तर खेळ सुरू, आणि दहाव्या फाउलपासून सरळ दोन. शेवटच्या दोन मिनिटांत लीड असलेली टीम बॉल कुणाच्या हातात ठेवते बघा, जो फ्री थ्रो चुकवत नाही त्याच्याच. पोरांना फ्री थ्रोचा कंटाळा येतो ना, त्यांना ही दोन मिनिटं परत परत लावून दाखवा.

प्रश्न: खुर्ची फेकणारा कोच याच मॅचमधला ना?
– एक निवृत्त वाचक, ठाणे

हो काका, याच मॅचमधला. २३ फेब्रुवारी १९८५, ब्लूमिंग्टनचा असेंब्ली हॉल, इंडियानाचे कोच बॉब नाइट रेफरीवर चिडले आणि पर्ड्यूचा प्लेअर फ्री थ्रोला उभा असताना त्यांनी लाल प्लास्टिकची खुर्ची कोर्टवर भिरकावली. बाहेर काढले गेले, आणि मॅच पर्ड्यूने ७२-६३ ने जिंकली. नाइट मोठे कोच होते, तीन चॅम्पियनपदं त्यांचीच, पण त्या खुर्चीचं लोक कौतुक करतात ते मला पटत नाही, विशीतली पोरं समोर होती. त्यापेक्षा पर्ड्यूचे जीन कीडी यांची आठवण काढावी, नाइटविरुद्ध त्यांचा हिशोब २१ विजय आणि २० पराभव. बेचाळिसावी मॅच झालीच नाही.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको इंडियानापोलिसला, तो पर्ड्यूचा, मी आययूची. आता पोरं दरवर्षी युनिव्हर्सिटी बदलतात, पैसेही मिळतात. मग ही राज्याची मॅच उरली का?
– एक वाचक

प्रश्न मनापासून विचारलाय म्हणून उत्तरही तसंच देतो, ताई. २०२१ पासून प्लेअर स्वतःच्या नावावर कमाई करू शकतात, युनिव्हर्सिटी बदलली तरी आता वर्षभर न खेळता बसावं लागत नाही, आणि २०२५ पासून युनिव्हर्सिट्या कमाईतला थेट वाटा देऊ शकतात. हे मला योग्यच वाटतं, इतकी वर्षं स्टेडियम भरत होती आणि खेळणाऱ्याला काही मिळत नव्हतं. पण त्याची किंमत आहे. २०२५ मध्ये डेरियन डेव्हरीज इंडियानाचे कोच झाले तेव्हा त्यांना जवळजवळ अख्खी टीम बाहेरून गोळा करावी लागली, चांगले शूटर आणले, बाहेरून भरपूर थ्री मारायचे हा त्यांचा खेळ, पण त्यांच्यातल्या कितीजणांनी लहानपणी ही मॅच टीव्हीवर बघितली असेल? उलट पेंटरनी स्मिथ आणि लॉयरसारखी राज्यातलीच पोरं घेतली आणि वर्षानुवर्षं टिकवली, स्मिथ वेस्टफील्डचा, लॉयर फोर्ट वेनला शाळेत होता.

माझं मत विचाराल तर मॅचआधी दोन्ही टीमच्या यादीत गावांची नावं वाचा. ज्या टीममध्ये राज्यातली आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाची पोरं जास्त, तिला शेवटच्या पाच मिनिटांत मी झुकतं माप देतो, मग ती तुमची असो की त्यांची. बाहेरून आलेल्या पोराला या मॅचचं वजन एकदा खेळल्यावर कळतं, आणि कधी कधी तोवर सीझन संपलेला असतो.

प्रश्न: इथून बघायची तर किती वाजता? आणि मुलगा मित्रांबरोबर गाडीने ब्लूमिंग्टनला जातो म्हणतोय, पाठवू का?
– नाशिकच्याच आई, दुसरं पत्र

ताई, जानेवारी-फेब्रुवारीत तिकडची वेळ आपल्या साडेदहा तास मागे असते, तिकडे रात्री आठला सुरू झाली तर इथे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा, चहा घेऊन बसा, नऊच्या आत संपते. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून त्यांची घड्याळं पुढे जातात, मग फरक साडेनऊचा.

जाऊ दे त्याला. असेंब्ली हॉलचे स्टँड इतके उभे चढलेत की वर बसलं तरी कोर्ट पायाखाली दिसतं, एका टोकाला त्या पाच चॅम्पियनपदांचे बॅनर, आणि घरची टीम लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या पँट घालून वॉर्मअपला येते तेव्हाचा गलका ऐकण्यासारखा असतो. फक्त दोन गोष्टी सांगा: रात्रीची मॅच असेल तर मध्यरात्रीनंतर बर्फात दोन तास गाडी हाणत परत यायचं नाही, इंडियानापोलिसला कुणाकडे तरी थांबायचं, आणि पर्ड्यूचा काळा टीशर्ट घातलाच तर वरून जॅकेट असू दे.