लाटेवर उडी घेणारा मुलगा आणि शर्यत मागणारे वडील

प्रश्न : मी मालवण तालुक्यातील देवबागचा रहिवासी असून माझा वॉटर स्पोर्ट्सचा व्यवसाय आहे. मुलाला यंदा बारावी विज्ञान शाखेत 61 टक्के गुण मिळाले. काही वर्षांपूर्वी मी उभ्याने चालवायची एक जुनी जेट स्की घेतली होती. आज आमच्या किनाऱ्यावर तिच्यावर त्याच्याइतका कोणाचाच हात बसलेला नाही. आशियाई स्पर्धेत जेट स्कीला पदक असते आणि पदक मिळाले की खेळाडूंच्या आरक्षणातून नोकरी मिळते, म्हणून त्याने एक वर्ष शिक्षण थांबवून शर्यतीची तयारी करावी, असे माझे मत आहे. घर तारण ठेवून 1500 सीसीचे नवे मशीन घेण्याचीही माझी तयारी आहे. पण शर्यतीत त्याचे मन नाही. तो खाडीच्या तोंडावर लाटांवर उड्या मारण्यात वेळ घालवतो, नाहीतर मशीन उघडून बसतो. गेल्या जूनमध्ये आम्ही त्याच्या उड्यांचा व्हिडिओ टाकला, त्यानंतर हंगामात बुकिंगही वाढले. म्हणजे अंगात गुण आहेत, शिस्त नाही. त्याला समजावून सांगावे.
– एक वडील, देवबाग

उत्तर : तुमच्या मुलाच्या 61 टक्क्यांची मला फारशी काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती जूनमधील त्या व्हिडिओची, आणि तुम्ही तो जितक्या सहजपणे सांगितला आहे त्या सहजपणाची. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत आपल्या किनाऱ्यावरील जलक्रीडा महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या आदेशाने बंद असतात, हे या व्यवसायात असलेल्या माणसाला मी सांगण्याची गरज नाही. मासेमारीलाही 1 जून ते 31 जुलै बंदी असते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत बहुतेक होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या असतात. अशा दिवसांत, ओहोटीचे पाणी बाहेर पडताना कर्ली नदीच्या मुखाशी आत येणारी लाट अडते, उंच होते आणि वाळूच्या पट्ट्यावर फुटते, त्या जागी तुमचा अल्पवयीन मुलगा एकटा उभा होता आणि घरचे कोणीतरी चित्रीकरण करत होते. मशीन बंद पडले असते तर त्याला आणायला कोणती होडी जाणार होती, याचे उत्तर आधी स्वतःला द्या. मग आपण शिस्तीबद्दल बोलू.

धोका नेमका कशात आहे हे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण पर्यटकांना बसवून फिरवण्याच्या मशीनचा अनुभव येथे दिशाभूल करतो. या यंत्राला सुकाणूचे पाते नसते. मागच्या नळीतून बाहेर पडणारा पाण्याचा झोत ज्या बाजूला वळेल त्याप्रमाणे ते वळते, त्यामुळे भीतीने थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवणारी कळ, सोडला की वेग लगेच संपत नाही, पण दिशा मात्र हातातून जाते. लाट फुटून पांढरा फेस झाला की पंपात पाण्याबरोबर हवा शिरते आणि थ्रॉटल पूर्ण दाबूनही यंत्र पुढे सरकत नाही. म्हणजे चालकाला जोराची सर्वांत जास्त गरज असते त्याच क्षणी जोर नाहीसा होऊ शकतो, आणि मागची लाट तोवर येऊन पोहोचलेली असते. म्हणून लाटांत उतरणारी जाणती माणसे एकटी जात नाहीत. हेल्मेट, लाइफ जॅकेट आणि मनगटाला बांधलेली इंजिन बंद करणारी दोरी यांवाचून जात नाहीत. आणि मशीन सोडून पोहत किनाऱ्याला येण्याइतका दम नसेल तर मुळीच जात नाहीत. तुमच्या पत्रात यांपैकी एकाचाही उल्लेख नाही. त्याच्याकडे हे सर्व असेलही, परंतु तुमच्या अभिमानाच्या यादीत ते नाही.

आता दडपणाविषयी. ज्या उड्यांमुळे तुमचे बुकिंग वाढले, त्याच उड्यांना तुम्ही चार ओळी आधी वेळ घालवणे म्हटले आहे. मुलाने यातून काय समजायचे? धंद्याला उपयोग होतो तेव्हा ती कला, आणि त्याला स्वतःला आवडते तेव्हा तो उनाडपणा, एवढेच त्याच्यापर्यंत पोहोचत असणार. शेकडो वेळा पाण्यात पडून, मशीनपर्यंत पोहत जाऊन, पोटावर चढून पुन्हा उभे राहिल्याशिवाय हा हात बसत नाही. तुम्हाला जी शिस्त दिसत नाही ती त्याच्यात आहे. तुम्ही नेमलेल्या कामाला ती लागलेली नाही, इतकेच.

तुमच्या सगळ्या योजनेच्या मुळाशी एक गैरसमज आहे. लाटांवर खेळणे ही पोरवयातील पायरी आणि शर्यत ही तिच्या वरची, असे तुम्ही धरून चालला आहात. प्रत्यक्षात उभ्याने चालवण्याच्या जेट स्कीचे तीन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांतील एकही दुसऱ्याचा पूर्वाभ्यास नाही. गळ टाकणारा मोठा झाला की रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढू लागतो, असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही. शर्यत सपाट पाण्यावर, तरंगत्या खुणांभोवती होते. तिला लांब, जड, सरळ रेषेत न डगमगणारे मशीन लागते आणि चालकाला वळणावर पाय, कंबर व हात बराच वेळ तणावाखाली धरून ठेवावे लागतात. तिची जागतिक अंतिम स्पर्धा गेली अनेक दशके अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, लेक हवासू या वाळवंटातील जलाशयावर होत आली आहे. तेथे समुद्राची लाट औषधालाही सापडत नाही. दुसरा प्रकार सपाट पाण्यावरील कसरतींचा. त्यात खास बनवलेले हलके, आखूड मशीन आणि मोठे इंजिन वापरून लाटेच्या मदतीशिवाय उलटी कोलांटी घेतली जाते. तिसरा प्रकार तुमच्या मुलाचा, म्हणजे समुद्राच्या लाटेवरचा. येथे उडी देणारी लाटच असते, आणि ती कधी, कोठे व किती उंच उभी राहील हे आधीच ओळखणे हे निम्म्याहून अधिक कौशल्य असते. या प्रकाराच्याही स्पर्धा होतात, परीक्षक गुण देतात, पण घड्याळ कोणाला विजेता ठरवत नाही.

याच प्रकारात पुन्हा दोन स्वभावांचे चालक दिसतात आणि तुमचा मुलगा कोणत्या स्वभावाचा आहे हे पाहण्यासारखे आहे. एकाला लाट हवी असते ती केवळ उडी घेण्याच्या फळीसारखी. लाटेचा माथा कोसळण्याच्या बेतात असताना तो तिच्यावर पूर्ण वेगाने आदळतो, हवेत मशीनसह उलटतो किंवा आडवा फिरतो आणि पलीकडे उतरतो. हे दिसते फार थरारक, व्हिडिओतही चालते, आणि चुकीच्या उतरण्याचा सगळा भार घोटे, गुडघे व कंबर यांच्यावर येतो. दुसरा लाटेबरोबर जातो. तो थ्रॉटल कमी करतो, लाटेच्या उतारावरून खाली घसरतो, पायथ्याशी वळतो, पुन्हा माथ्याकडे चढतो, आणि फळीवरचा सर्फर जे पायांनी करतो तेच पाय व हँडल यांनी करतो. इंजिनचा आवाज त्यात कमी आणि निरीक्षण जास्त असते. माझे वैयक्तिक मत विचाराल तर मला दुसराच प्रकार अधिक अवघड आणि अधिक देखणा वाटतो. त्याला बुकिंग कमी मिळते, ही गोष्ट निराळी.

हे लक्षात घेऊन आता तुमच्या कर्जाकडे पाहू. उभ्याने चालवण्याचे 1500 सीसीचे मशीन म्हणजे कावासाकीचे एसएक्स-आर, असे मी समजतो. त्याचे वजन सुमारे 250 किलो आहे. यामाहाचे जुने दोन-स्ट्रोक सुपरजेट 140 किलोंच्या आसपास, आणि 2021 पासूनचे चार-स्ट्रोक सुमारे 170 किलोंचे. लाटांत खेळणारे लोक हलक्या मशीनच्या मागे असतात, कित्येक जण तर ती आणखी आखूड आणि हलकी करून घेतात. तुम्ही घेऊ पाहता ते मशीन शर्यतीसाठी उत्तमच आहे. मात्र घर तारण ठेवून आणलेल्या त्या मशीनमुळे तुमच्या मुलाचा आवडता प्रकार बंद पडेल आणि ज्या प्रकारात त्याला रस नाही त्याचा हप्ता मात्र सुरू होईल.

पदकाचे गणितही कच्चे आहे. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत जेट स्कीच्या चार शर्यती होत्या, त्यांतील तीन बसून चालवण्याच्या मशीनच्या होत्या आणि उभ्याने चालवण्याची एकच. त्यानंतरच्या हांगझोऊ स्पर्धेत हा खेळच नव्हता. जो खेळ एका स्पर्धेत असतो आणि पुढच्या स्पर्धेत नसतो, त्याच्यावर घर तारण ठेवणे याला मी महत्त्वाकांक्षा म्हणणार नाही. खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणात खेळ शासनाच्या यादीत असणे, स्पर्धेचा दर्जा आणि प्रमाणपत्राची पडताळणी या तीनही गोष्टी पाहिल्या जातात. याविषयी ओरोसला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. किनाऱ्यावर कोणी सांगितले म्हणून विश्वास ठेवू नका.

मग मुलाने लाटांवरच करिअर करावे का? नाही. हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो, म्हणजे तुमच्याऐवजी मी त्याच्या बाजूने उभा राहिलो असा समज व्हायला नको. कोकणात ज्या महिन्यांत खऱ्या लाटा असतात त्याच महिन्यांत मशीन पाण्यात घालायला बंदी असते, आणि बंदी उठल्यावर सप्टेंबरचे उधाण ओसरले की उन्हाळ्यापर्यंत समुद्र बहुतेक वेळ पर्यटकांना आवडेल इतका शांत असतो. या प्रकाराचे स्पर्धक तयार होतात ते पॅसिफिक आणि अटलांटिकच्या किनाऱ्यांवर, जेथे मोठी लाट आणि परवानगी एकाच वेळी उपलब्ध असते. तेथील स्पर्धकांपैकीही केवळ बक्षिसांवर पोट भरणारे थोडेच. बाकीच्यांचे मशीन दुरुस्तीचे, सुटे भाग बनवण्याचे किंवा शिकवण्याचे काम असते. तुमच्या मुलाने हा खेळ जरूर टिकवावा, परवानगीच्या दिवसांत, सोबतीने आणि सर्व साधने लावून. तो त्याचा उदरनिर्वाह होणार नाही.

तुमच्या पत्रातील मला सर्वांत मोलाचे वाटलेले शब्द तुम्ही तक्रार म्हणून लिहिले आहेत: “नाहीतर मशीन उघडून बसतो.” खाडीच्या तोंडावर चालवलेल्या मशीनमध्ये पाण्याबरोबर वाळू ओढली जाते, ती इम्पेलर, म्हणजे पंपातील फिरते पाते, आणि त्याभोवतीची कडी झिजवते, दोघांमधील फट वाढते आणि इंजिन ओरडते पण मशीन पूर्वीसारखे झेपावत नाही. उंचावरून आपटल्याने इंजिनचे माउंट सैल होतात, फायबरला तडे जातात. खाऱ्या पाण्यानंतर इंजिन गोड्या पाण्याने धुतले नाही तर दोन हंगामांत गंज काय करतो, ते तुम्ही पाहिलेच असेल. इतकी वर्षे असे जुने मशीन लाटांत चालते आहे, याचा अर्थ ते कोणीतरी चालू ठेवले आहे, आणि तुमच्या पत्रावरून ते तुम्ही नाही. मुंबईहून मेकॅनिक येईपर्यंत ऐन डिसेंबरच्या सुट्टीत किती मशीन किनाऱ्यावर पडून राहतात आणि त्याचा रोजचा तोटा किती, हा हिशेब तुमच्याकडे माझ्यापेक्षा चांगला असेल. शिवाय जलक्रीडा बंद असल्या तरी दुरुस्ती बंद नसते. होड्यांची आउटबोर्ड इंजिने आणि फायबरचे काम पावसाळ्यातच निघते.

त्याच्यासाठी मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या पदविकेचा विचार करीन. बारावी विज्ञान उत्तीर्ण विद्यार्थ्याला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि शासकीय तंत्रनिकेतन मालवणातच आहे. पदविकेनंतर तटरक्षक दलात यांत्रिक पदाची परीक्षा देता येते. मर्चंट नेव्हीची आयएमयू-सीईटी ही प्रवेश परीक्षा मनात असेल, तर तेथे एकूण नव्हे, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांचे मिळून 60 टक्के पाहतात, त्यामुळे गुणपत्रिका पुन्हा नीट वाचा. आयटीआयचा डिझेल मेकॅनिक ट्रेडही कमी दर्जाचा नाही. पाण्यावरच राहायचे असेल तर गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचे बोट हाताळणीचे आणि जीवरक्षणाचे अभ्यासक्रम आहेत. व्यवसाय चालवणाऱ्या घरातील प्रत्येकाने ते करावेत, तुम्हीसुद्धा.

अर्थात त्याला मशीन उघडायला आवडते म्हणजे त्याला मेकॅनिक व्हायचे आहे, असे मी परस्पर ठरवले तर तुमच्यात आणि माझ्यात फरक उरणार नाही. तुमच्या पूर्ण पत्रात त्याचे स्वतःचे एकही वाक्य नाही. बँकेत जाण्याआधी दोघे मिळून तंत्रनिकेतनात जाऊन या, कार्यशाळा पाहण्याची परवानगी मागा आणि तेथे काय विचारायचे ते त्याला विचारू द्या. थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची नोंदणी बारावीच्या निकालानंतर फार काळ खुली राहत नाही, तेव्हा ही फेरी याच आठवड्यात करा. आणि जूनमधील तो व्हिडिओ आजच काढून टाका.