‘परिमुखं’ आणि ‘सब्बकायपटिसंवेदी’: भाषांतरं जुळत नसतील तर कुठला अर्थ धरायचा?

तुमची अडचण अशी की सतिपट्ठान सुत्त या बुद्धांच्या ध्यानावरच्या पाली उपदेशाच्या एका भाषांतरात ‘परिमुखं’ म्हणजे नाकाशी, दुसऱ्यात ‘समोर’. आणि ‘सब्बकाय’ कुठे सगळं शरीर, तर कुठे सगळा श्वास.

मराठी माणसाची पालीत एक वेगळीच गोची होते: शब्द ओळखीचे वाटतात. ‘वेदना’ वाचलं की आपला गुडघा ठणकायला लागतो. सुत्तात मात्र सुख, दुक्ख आणि अदुक्खमसुख या तिन्ही वेदनाच. तेव्हा मराठी कान जरा बाजूला ठेवा आणि तोच शब्द त्रिपिटकात आणखी कुठे आलाय ते बघा. विपश्यना विशोधन विन्यासाचं देवनागरी त्रिपिटक ऑनलाइन फुकट आहे, शोधायला वेळ लागत नाही.

‘परिमुखं सतिं उपट्ठपेत्वा’ (सती, म्हणजे सजगता, ‘परिमुखं’ ठेवून) हे शब्द दीघनिकाय या सुत्तसंग्रहातल्या सामञ्ञफल सुत्तातही जसेच्या तसे आहेत. भिक्खू जेवून येतो, मांडी घालून ताठ बसतो, परिमुखं सती ठेवतो आणि लोभ, द्वेष, आळस वगैरे नीवरणं (मनातले अडथळे) दूर करतो. श्वासाचा तिथे उल्लेखही नाही. म्हणजे नाक हा या शब्दाचा मूळ अर्थ असणं अवघड. नाक येतं ते त्रिपिटकाच्या अभिधम्म या भागातल्या विभंग ग्रंथातून: ‘नासिकग्गे वा मुखनिमित्ते वा’, नाकाच्या शेंड्याशी किंवा वरच्या ओठाशी. ही परंपराही जुनीच आहे, तिला चूक म्हणायचं कारण नाही. भाषांतर करताना मी ‘समोर’ लिहीन आणि नाक तळटीपेत देईन.

‘सब्बकाय’चा वाद जास्त रंगतदार आहे. सुत्तांवर भाष्यं लिहिणारे बुद्धघोषाचार्य आपल्या विसुद्धिमग्ग या ग्रंथात म्हणतात, सगळा अस्सासकाय, म्हणजे श्वासाचा आरंभ, मध्य आणि शेवट. त्यांच्या बाजूने भक्कम पुरावा आहे: आनापानसति सुत्तात, म्हणजे श्वासावरच्या ध्यानाच्या सुत्तात, खुद्द बुद्ध आश्वास-प्रश्वासाला ‘कायांपैकी (शरीरांपैकी) एक काय’ म्हणतात. विपश्यना शिकवणारे गोयंका गुरुजी मात्र ‘सगळं शरीर’ असाच अर्थ घेतात.

मला गुरुजींचा अर्थ पटतो, आणि कारण सुत्तातल्या क्रियापदात आहे. श्वास दीर्घ की ऱ्हस्व, इथपर्यंत ‘पजानाति’, जाणतो. ‘सब्बकाय’पासून ते बदलून ‘सिक्खति’ होतं: ‘सब्बकायपटिसंवेदी अस्ससिस्सामीति सिक्खति’, सर्व काय अनुभवत श्वास घेईन असं शिकतो. नुसता श्वास तर आधीच्या दोन पायऱ्यांवर जाणून झालेला असतो. इथे काहीतरी नवीन सुरू होतंय. पुढच्याच पायरीवर श्वासाला ‘कायसङ्खार’ असं निराळं नाव आहे (चूळवेदल्ल सुत्तात त्याचा अर्थ आश्वास-प्रश्वास असाच दिलाय). लागोपाठच्या दोन पायऱ्यांत एकाच गोष्टीला दोन नावं कशाला? अर्थात बुद्धघोषांचा पक्ष घेणारे याला उत्तर देतील, आणि ते उत्तर लंगडं नसेल.

अट्ठकथा, म्हणजे सुत्तांवरची जुनी भाष्यं, वाचाच, पण सुत्त आधी आणि अट्ठकथा नंतर. बुद्धघोष पाचव्या शतकातले, बुद्धांनंतर जवळजवळ हजार वर्षांनी झालेले. त्यांच्यापुढे जुन्या सिंहली अट्ठकथा होत्या, त्यामुळे त्यांचं म्हणणं उडवून लावता येत नाही. पण ते म्हणजे मूळ सुत्त नव्हे.

विपश्यनेच्या शिबिरात बसाल तेव्हा मात्र आचार्य लक्ष जिथे ठेवायला सांगतील तिथेच ठेवा. हा काथ्याकूट घरी आल्यावर.